पंच्याऐंशीव्या सवाराची बेडी

मेरठच्या सदर बाजारात आलात आणि लोहारांची गल्ली सापडेना, तर कुणाला विचारत बसू नका. नुसते उभे राहा आणि ऐका. आमच्या गल्लीत चौदा ऐरणी आहेत आणि मला प्रत्येकीचा आवाज ओळखू येतो. घसीटाचाचांची फुटक्या हंड्यासारखी वाजते, कारण ते घाईत असतात. आमची वाजते तीन ठोके, मग दम, मग परत तीन ठोके. ती माझ्या अब्बांची, बुंदू उस्तादांची.

अब्बांना वाईट काम करताच येत नाही. हा गुण आहे असं तुम्ही म्हणाल. अम्मा म्हणते तो आजार आहे. "लोक खिळा ठोकतात," ती म्हणते, "हे खिळ्याचं लग्न लावून देतात, आता जन्मभर सुटायचं नाही." अब्बांकडून तवा नेलेलं गिऱ्हाईक दहा वर्षं परत फिरकत नाही, कारण तव्याला काही होतच नाही. "अहो, थोडं कच्चं ठेवत जा," अम्मा सांगते, "घरात पोर वाढतेय." ती पोर म्हणजे मी, बशीरन, वय वर्षं चौदा. सकाळी उस्तानीजींच्या मकतबात शिकते आणि दुपारी अब्बांचा भाता ओढते. यंदा रमजान लागायच्या आधी उस्तानीजींनी माझ्या हाताखालून काडी काढून घेतली आणि म्हणाल्या, आता ओळीखाली काही न धरता वाच. मी वाचलं. अख्खं पान. तेव्हापासून मला गप्प बसणं जरा जडच जातं.

हे सगळं घडलं त्याच रमजानात. इंग्रजी हिशोबाने मे महिना, सन सत्तावन्न.

छावणीतल्या सवारांनी नवी काडतुसं घ्यायला नकार दिला, हे तर बाजारात शेंगदाण्यांसारखं वाटलं गेलं होतं. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय, असं सगळे म्हणत. साहेब म्हणाले, दात लावू नका, हाताने फाडा. पण एकदा विश्वास उडाला की दात काय आणि हात काय. नव्वद सवारांना बोलावलं, पाच जणांनी घेतली, पंच्याऐंशी जण नाही म्हणाले. त्या 'नाही'साठी त्यांना दहा-दहा वर्षांची सक्तमजुरी मिळाली. पायांत बेड्या घालून, सगळ्या पलटणींच्या डोळ्यांसमोर.

आणि बेड्या ठोकायला लोहार लागतात.

शुक्रवारी कोतवालीचा माणूस गल्लीत आला. त्याने सात नावं वाचली, सातवं बुंदूचं. नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, उरकून, अंधारातच, अब्बा हातोडा, सांडशी आणि कानस घेऊन गेले. ऊन चढल्यावर परतले. आले ते सरळ पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मैदानात काय झालं ते अब्बांनी सांगितलं नाही. घसीटाचाचांनी सांगितलं, आणि एकदा नाही, चौकात उभं राहून निदान दहा वेळा. कडी थंड खिळ्याने ठोकत गेले सगळे, दोन घाव की झालं, पुढचा. अब्बा हातगाडीमागे उभे होते, आपली पाळी येऊच नये म्हणून. चौऱ्याऐंशी जण झाले. आणि नेमका एक उरला. साहेबाने काठी अब्बांकडे रोखली.

"आणि मग आपल्या उस्तादांनी काय केलं?" चाचा सांगत होते. "शेगडी पेटवायला लावली. खिळा लाल केला. दोन्ही बाजूंनी डोकं बसवलं, घोटीव. अरे, चारी बाजूंनी तोफा लावलेल्या, सगळ्या पलटणी श्वास रोखून उभ्या, म्हातारे सुभेदार रडताहेत, आणि हा माणूस तिथे दागिना घडवतोय. साहेबाने वाकून बघितलं आणि म्हणाला, शाबास."

ती शाबासकी आम्हाला भोवली.

दुपारपर्यंत बाजारात उठलं की गोऱ्यांनी दोन हजार बेड्या करायला सांगितल्यात, हिंदुस्थानी शिपाई सगळेच्या सगळे साखळीत जाणार. कोण करतंय म्हणे बेड्या? बुंदू उस्ताद. दुसरं कोण, साहेबाला ज्याचं काम आवडलं तोच. आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायला लागला, "किती जोड झाले, उस्ताद?" आमच्याकडून सात वर्षं नाल घेणारा टांगेवाला घोडा घेऊन घसीटाचाचांकडे गेला. चाचांना आयुष्यात पहिल्यांदा कच्च्या कामाची शाबासकी मिळत होती. "मी मुद्दामच ढिले ठोकले हो," ते म्हणायचे. मुद्दाम कसले, त्यांचे सगळेच खिळे तसे असतात.

समोरची रोट्या भाजून विकणारी भटियारीण छज्जोचाची तर बकरी ओढतच आली. बाजारात चाचीच्या जिभेला पोलीससुद्धा वचकून असतात. "उस्ताद," ती दारातून म्हणाली, "हिच्यासाठी एक जोड करून द्या. मजबूत करा हं, तुमची नेहमीची. परवा कुंपण ओलांडलं मेलीने."

अब्बा भिंतीकडेच बघत होते.

"चाची, बकरी घेऊन जा," मी म्हटलं.

"अगं, साहेब देतो त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त देईन."

"चाची, तुमच्या तंदुराची सळयांची जाळी कुणी केलीय? वीस वर्षांत वाकली का?"

"तेच तर म्हणतेय मी," चाची म्हणाली, "उस्तादांचं काम वाकत नाही, तुटत नाही. बिचाऱ्या त्या पोराचा पाय तुरुंगातच झिजून जाईल." आणि बकरी घेऊन गेली.

त्या संध्याकाळी अब्बांनी एका खजुरावर रोजा सोडला आणि ताट सरकवलं. रविवारी सकाळी भाता उघडलाच नाही. मी मकतबात गेले तर कुलसुमने आपली चटई माझ्यापासून हातभर लांब ओढली. उस्तानीजींनी ते बघितलं, मला पुढे बोलावून आपल्याशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचलं, पण त्या दिवशी अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

घरी येऊन बघते तर अब्बा हत्यारं गोणपाटात बांधत होते. हातोडा, दोन छिन्न्या, कानस, सगळं.

"कुठे चाललात?"

"कुठेच नाही. हे विकून टाकू. हापुडला तुझ्या मामाच्या वखारीत काम मिळेल."

"अब्बा, वखारीत? लाकडं मोजणार तुम्ही?"

"लाकडाची बेडी होत नाही," अब्बा म्हणाले.

आता मला खरं सांगू द्या. घर सोडावं लागेल, मकतब सुटेल, याची मला भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती होती ती त्यांच्या हातांकडे बघून. ते हात गाठ मारत होते आणि गाठ सैल पडत होती. अब्बांची गाठ सैल. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा कधी ऐरणीपुढे उभा राहणार नाही, आणि मग तो अब्बा राहणार नाही, हापुडमधला कुणीतरी होईल.

त्याच दिवशी दिवस कलताना छावणीकडून पहिल्या गोळ्या ऐकू आल्या.

मग धूर. मग आरडाओरड. मग बातम्या, एकीवर एक, कुठली खरी ते कळू नये अशा. कैद्यांच्याच तिसऱ्या रिसाल्याचे सवार तुरुंगावर गेले. तुरुंग फोडला. पंच्याऐंशी जण सुटले. बंगले जळताहेत. त्या संध्याकाळी आपल्या माणसांनी जे जे केलं त्यातलं सगळंच सांगण्यासारखं नाही. ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं अशीही माणसं मारली गेली, बायका-मुलंसुद्धा, आणि उस्तानीजी त्यांच्यासाठी दोन दिवस रडल्या. मी ते लपवणार नाही. पण मी इथे आमच्या गल्लीत जे झालं तेच सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दोन घोडे धुळीतून आत शिरले. एकावर एक दाढीवाला सवार, हातात तलवार. त्याच्याच पुढ्यात, एका कुशीला, दोन्ही पाय एकाच बाजूला लोंबकळत ठेवून, दुसरा एक जण बसला होता. दुसरा घोडा रिकामा, नुसता लगामाने ओढत आणलेला. लोंबणाऱ्या पायांत बेडी होती.

"लोहार कुठे आहे?" दाढीवाला ओरडला. "बाकी सगळ्यांच्या तुरुंगातच निघाल्या. याची निघेना. लवकर करा, गोरी पलटण बाहेर पडली तर संपलं."

"आणि मला आधी खाली उतरवा," बेडीवाला म्हणाला. "तुरुंगापासून इथपर्यंत नवरीसारखा बसून आलोय. माझ्या गावात कळलं तर लग्न मोडेल."

तो हसत होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. ओठ फुटलेले, डोळे लाल, आणि हसत होता. नाव नंतर कळलं, वजाहत अली, रोहतककडचा.

लोकांनी त्याला उचलून घसीटाचाचांच्या ऐरणीपाशी नेलं. चाचांनी ऐटीत बाह्या वर केल्या, छिन्नी लावली, घाव घातला. छिन्नी घसरली. परत लावली, परत घसरली. तिसऱ्या घावाला छिन्नीचं तोंडच उडालं. खिळ्याचं डोकं कड्यात असं एकजीव झालं होतं की छिन्नीला धरायला कडाच नव्हती.

चाचांनी वर बघितलं. "हे बुंदूचं आहे," ते म्हणाले.

बस, एवढं पुरलं. पन्नास-साठ माणसं एकदम आमच्या दाराकडे वळली. कुणीतरी अब्बांना बखोटीला धरून बाहेर काढलं. टोपी पडली. "साहेबाचा लोहार" असं कुणीतरी म्हणालं, आणि मागून एक दगड आला. तो अब्बांना लागला नाही, आमच्या मडक्याला लागला. अम्मा दारात चौकट धरून उभी होती. मी गर्दीत घुसले. सांगते, माझे कोपर चांगले टोकदार आहेत, भाता ओढून ओढून.

"घाला यालाच ती बेडी," एक जण म्हणाला. तो कसाबाचा नूरा होता, हातात सुरा. "घाला आणि तुरुंग रिकामाच आहे, त्यात टाका."

अब्बा मान खाली घालून उभे होते, जणू नूरा म्हणतो ते बरोबरच आहे. मला त्याचा इतका राग आला की सांगू नका. मला वाटत होतं, बोला, काहीतरी बोला.

बोलला तो वजाहत अली. ऐरणीवर पाय ठेवून, घसीटाचाचांच्या खांद्याचा आधार घेऊन तो उभा राहिला.

"सोडा त्यांना. त्यांना मीच सांगितलं होतं, पक्की ठोका म्हणून."

गर्दी थांबली.

"तू सांगितलंस?" नूरा म्हणाला.

"मग? मैदानापासून तुरुंग दोन मैल. ढिलं कडं घालून दोन मैल चालून बघ, मियां. माझ्या पुढे जे चालत होते त्यांचे घोटे बघितलेस का? सोलून निघालेत. रक्ताची ओल रस्त्यावर दिसत होती." त्याने पायजमा वर ओढला. "आता हा बघ."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. कड्याखाली त्याच्या घोट्यावर नुसती लाल रेघ होती. कातडी कुठेही फाटलेली नव्हती.

"मी म्हटलं, उस्ताद, ठोकायचीच आहे तर नीट ठोका, घट्ट आणि गुळगुळीत. आणि त्यांनी माझं ऐकलं. तेवढ्या मैदानात माझं ऐकणारे ते एकटेच होते. आता त्यांना काम करू द्या, नाहीतर मी दिल्लीला बाजूने बसून जातो आणि तुम्ही सगळे माझ्या सासरच्यांना उत्तर द्या."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. छज्जोचाचीने वाकून अब्बांची टोपी उचलली, दोनदा झटकली आणि त्यांच्या हातात दिली. तोंडाने म्हणाली, "उभे काय राहिलात उस्ताद, हत्यार घ्या." चाचीची माफी इतपतच असते, पण ती माफीच होती.

मी गोणपाट आणलं. गाठ सैल होती, लगेच सुटली.

अब्बा ऐरणीपुढे बसले. त्यांनी कड्यावर अंगठा फिरवला, खिळ्याचं डोकं चाचपलं. मग कानस घेतली. म्हणजे ते खिळ्याचं डोकं घासून काढणार होते. मला ठाऊक होतं त्याला किती वेळ लागतो. दोन पायांचे चार खिळे, अंधार पडला असता.

"अब्बा, छिन्नी?"

"छिन्नीने पाय जाईल त्याचा. मी घातलंय, मीच काढतो. गप्प बस."

घर्र, घर्र, कानस चालू झाली. दाढीवाला सवार घोड्यावर बसल्या बसल्या गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. घोड्यांच्या तोंडाला फेस आला होता. तेवढ्यात मशिदीतून मगरिबची, रोजा सोडायच्या वेळेची, अजान सुरू झाली. इतक्या गोंधळात मुअज्जिन वर चढला कसा, मला अजून नवल वाटतं.

मी घरात धावले. मडकं फुटलेलं, पण सुरईत पाणी होतं. वाडगा भरला, अम्माने दोन खजूर हातावर ठेवले. वजाहत अलीला दिले.

"रोजा आहे ना तुमचा?"

"तुरुंगातही होता, बेटी. तिथे नाहीतरी खायला काय होतं." त्याने ओठ हलवून दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि डोळे मिटले. वाडग्यात थोडं ठेवून त्याने तो अब्बांपुढे केला. अब्बांनी मान हलवली, काम झाल्यावर.

"भाईजान, काडतूस नको म्हणताना भीती नाही वाटली?" मी विचारलं. विचारायची वेळ नव्हती, पण परत कधी मिळणार होती?

"माझ्या रांगेत माझ्याआधी चौदा जण नाही म्हणून गेले होते. पंधराव्याने हो म्हणायला जास्त हिंमत लागते." मग जरा थांबून म्हणाला, "वाटली. गुडघे हलत होते. पण घोड्यावर नव्हतो म्हणून दिसलं, घोड्यावर असतो तर लोक म्हणाले असते घोडा हलतोय."

"एक खिळा तरी झाला का, उस्ताद?" दाढीवाल्याने विचारलं.

"अर्धा," अब्बा म्हणाले.

"या अल्ला."

मी खाली बसून बघत होते. कडं अब्बांनी बसवलेलं. खिळा अब्बांचा. एकावर एक, अब्बांचंच. आणि दोन पायांच्या मधे हातभर साखळी लोंबत होती, तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे खिळे उडाले म्हणून याचाही खिळाच उडायला हवा, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. मी साखळी उचलली. जड होती, पण सांधे बघितले तर वरवर जोडलेले, एका दुव्याला तर फट होती, माझं नख आत जात होतं.

"अब्बा, साखळी कुणी केली?"

"तुरुंगाच्या कोठारातली. सरकारी."

"तुम्ही नाही केलेली?"

"मी असली करीन?" अब्बा इतक्या जोरात म्हणाले की लोकांनी वळून बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा तो आवाज ऐकला.

"मग ती तोडा ना. कडी राहू देत. मधली साखळी नसली की पाय सुटे. पाय सुटे असले की घोड्यावर बसता येतं."

घसीटाचाचांनी कपाळावर हात मारला. अब्बा माझ्याकडे बघत राहिले, हातात कानस तशीच. मग साखळीकडे बघितलं, फटीचा दुवा अंगठ्याने शोधला, आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या दाढीत काहीतरी हललं, हसण्यासारखं.

"असलं काम," ते म्हणाले, "असलं काम करतात आणि वर सरकार म्हणवतात."

दुवा ऐरणीवर ठेवला. छिन्नी फटीत लावली. छिन्नी मी धरली, कारण घण उचलायला अब्बांना दोन्ही हात हवे होते, आणि घसीटाचाचांच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला दुवा उघडला आणि साखळी दोन्हीकडे गळून पडली.

वजाहत अलीने एक पाय पुढे टाकला, मग दुसरा. एवढं मोठं पाऊल टाकलं की पडता पडता राहिला. गल्लीत जो आवाज उठला तो मी लिहू शकत नाही, उस्तानीजींनी अजून तेवढं शिकवलेलं नाही.

"कडी?" अब्बा म्हणाले. "थोडा वेळ दिलात तर..."

"राहू देत, उस्ताद. दिल्लीत दरवाज्यावर विचारतील, तू कोण, कुठला, कशावरून आमचा? मी पाय दाखवीन." त्याने अब्बांचे दोन्ही हात धरले, काळेच्या काळे, आणि डोळ्यांना लावले. मग रिकाम्या घोड्यावर चढला, यावेळी बरोबर चढला, दोन्हीकडे एक-एक पाय, आणि घोट्यांवर कडी वाजली. दाढीवाल्याने आधीच घोडा फिरवला होता. दोघे दिल्लीच्या रस्त्याकडे गेले आणि धुळीत दिसेनासे झाले.

अब्बांनी वाडग्यातलं उरलेलं पाणी पिऊन रोजा सोडला. मग घसीटाचाचांनी त्यांना आपल्या ओट्यावर बसवलं, आपल्या घरचे हरभरे पुढे केले आणि म्हणाले, "बुंदू, एकदा मला शिकव तो खिळा." अब्बा म्हणाले, "तुला जमणार नाही, तुला घाई असते." पुन्हा सगळं जसं होतं तसं झालं.

घरी आल्यावर, अम्मा फुटलेल्या मडक्याचे तुकडे गोळा करत असताना, मी विचारलं. "अब्बा, मैदानात तो खरंच म्हणाला होता? घट्ट ठोका म्हणून?"

अब्बांनी कानस पुसून बाजूला ठेवली.

"तो काहीच म्हणाला नव्हता," ते शेवटी म्हणाले. "माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. समोर बघत उभा होता, त्याच्या पलटणीकडे. माझे हात कापत होते, म्हणून मी नेहमीचं करत गेलो. नेहमीचं केलं की हात कापत नाहीत."

"मग घोटा का सोलला नाही?"

"कडं घालायच्या आधी आतून कानस फिरवली होती. आतली कड टोचते. मी काय, तव्याच्या कडीलाही फिरवतो. साहेब ओरडला, वेळ घालवतोस म्हणून. मला तर तेव्हाच वाटलं, मी कसला माणूस आहे, बेडी घासतोय." त्यांनी अंगठा बोटांवर घासला. "मला वाटलं कुणी पाहिलं नाही."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. दहा वर्षांची शिक्षा ऐकून, चारी बाजूंनी तोफा लावलेल्या असताना, एका अनोळखी लोहाराने आतली कड घासली हे त्याने पाहिलं, लक्षात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पन्नास माणसांसमोर त्याचं चांगलं, जाडजूड, न तुटणारं खोटं करून आमच्या दारात ठेवलं. सगळे म्हणतात, त्या पंच्याऐंशी जणांच्या 'नाही'मुळे हिंदुस्थान पेटला. पेटला असेल. मोठ्या गोष्टी मोठ्यांनी लिहाव्यात. मला एवढंच ठाऊक आहे की त्यांच्यातला एक जण जाता जाता माझे अब्बा परत देऊन गेला.

आता बकरी ईदही होऊन गेली. मेरठमध्ये गोरे अजून आहेत, म्हणून हे कागद कुठे ठेवते ते सांगणार नाही. दिल्ली अजून आपल्याकडे आहे म्हणतात. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, पायांत कडी असलेला सवार पाहिलात का. एक भिश्ती म्हणाला, पाहिला, कश्मीरी दरवाज्यापाशी. एक तेली म्हणाला, असे पुष्कळ आहेत. दोघांनाही मी पाणी दिलं.

मकतबात कुलसुमने चटई जवळ आणलीय, आणि मीही ती सरकवली नाही. सकाळी तीन ठोके, मग दम, मग तीन ठोके ऐकत मी पाठ करते.

अब्बा नमाजनंतर हात पसरून बसतात तेव्हा मी त्यांचे ओठ वाचते. हे मला हल्ली चांगलं जमतं. आधी दादाजानचं नाव येतं, त्यांच्या बापाच्या नावासकट, मग नानांचं, त्यांच्या बापाच्या नावासकट. सगळ्यांत शेवटी ते जरा अडखळतात, कारण दुआ मागताना बापाचं नाव घ्यायची रीत आहे आणि ते आम्ही विचारलंच नाही. मग ते अल्लाला म्हणतात, वजाहत अली, बापाचं नाव तुला ठाऊक आहे, रोहतककडचा.